गजर ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे वाजला की बंद पडला? ‘गो ऑफ’चा अर्थ लावायची रीत

‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट सिक्स, अँड देन द लाइट्स वेन्ट ऑफ.’ सहा वाजता गजर झाला आणि मग दिवे गेले. क्रियापद तेच, काळ तोच. तरी पहिल्या ठिकाणी गप्प असलेली वस्तू सुरू झाली आणि दुसऱ्या ठिकाणी सुरू असलेली बंद पडली. त्यात भर म्हणून ‘द मिल्क वेन्ट ऑफ’ म्हणजे दूध नासलं, ‘शी वेन्ट ऑफ कॉफी’ म्हणजे तिचं कॉफीवरून मन उडालं आणि ‘द मीटिंग वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे बैठक छान पार पडली. शब्दकोश हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक देतो. ते तसेच पाठ केले तर आठवडाभरात पुसले जातात, कारण एका अर्थातून दुसरा कसा निघाला हे क्रमांक सांगत नाही.

मराठी बोलणाऱ्याकडे या कुलपाची किल्ली आधीपासूनच आहे. ती म्हणजे ‘सुटणे’. वारा सुटला म्हणजे वाहू लागला, पण शाळा सुटली म्हणजे संपली. नळाला पाणी सुटलं म्हणजे आलं, आणि सवय सुटली म्हणजे गेली. गाडी सुटते, गोळी सुटते, घाम सुटतो, तोल सुटतो, एवढंच काय, पोटही सुटतं. ‘सुटणे म्हणजे नक्की सुरू होणे की संपणे?’ असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. अडवून धरलेलं सुटलं तर सुरुवात होते, बांधून ठेवलेलं सुटलं तर शेवट होतो, हे कानाला आपोआप कळतं. ‘ऑफ’चंही तसंच आहे. म्हणून ‘गो ऑफ’ दिसलं की ‘याचा अर्थ काय’ असं विचारण्याआधी ‘इथे काय कशापासून सुटलं?’ असं विचारावं. बहुतेक गाठी तिथेच उकलतात. ज्या उकलत नाहीत त्यांच्यासाठी पुढे तीन कसोट्या दिल्या आहेत.

‘ऑफ’ आणि आपला ‘अप’

‘ऑफ’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातला ‘अप’ हा उपसर्ग, लॅटिनमधला ‘अब’, ग्रीकमधला ‘अपो’, जर्मनमधला ‘आब’ आणि इंग्रजीतला ‘ऑफ’ हे सगळे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे फाटे आहेत. मूळ अर्थ ‘पासून दूर’. अपहरण, अपगमन, अपभ्रंश या शब्दांत जे दूर जाणं किंवा घसरणं आहे, तेच ‘ऑफ’मध्ये आहे. ‘अपगमन’ तर अवयवाला अवयव जोडून पाहिलं तर ‘गो ऑफ’च. फरक जागेचा आहे. संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी बसतो, इंग्रजीचा कण, म्हणजे ‘ऑफ’सारखा छोटा शब्द, क्रियापदाच्या मागे चालतो. एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार असे पाच दिशांचे शब्द होतात, हे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल. तिथे उपसर्ग धातूचा अर्थ ओढून नेतो, इथे ‘ऑफ’ ‘गो’चा अर्थ ओढून नेतो.

जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि आजचा ‘चा-ची-चे’वाला ‘ऑव्ह’ हे दोन शब्द नव्हतेच. एकच शब्द होता. आघात देऊन उच्चारला की त्याचं एक रूप होई, आघाताशिवाय उच्चारला की दुसरं. पुढे जोरकस रूपाला दोन ‘एफ’ लागले आणि ‘दूर’ हा ठसठशीत अर्थ त्याच्याकडे गेला. झिजलेल्या रूपाकडे एकच ‘एफ’ आणि संबंध दाखवण्याचं फिकं काम उरलं. ही वाटणी सतराव्या शतकात पक्की झाली. लेखनात या दोघांची गल्लत करू नका. एक ‘एफ’वाल्या शब्दाच्या शेवटी ‘व्ह’ ऐकू येतो, दोन ‘एफ’वाल्याच्या शेवटी ‘फ’. बोलताना उच्चार नीट असेल तर लिहिताना चूक होत नाही.

इंग्रजीच्या या सवयीचा त्रास बाहेरच्यांना होतो हे त्यांच्या कोशकारांनीच कबूल केलं आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहिलं की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी लोकांना सर्वांत मोठी अडचण तिचीच होते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑफ’, ‘सेट ऑफ’ आणि ‘टेक ऑफ’ आहेत. यांतल्या काहींचा अर्थ मूळ शब्दांपासून इतका लांब गेला आहे की कितीही चतुर माणसाला तो माग काढता येणार नाही, असंही ते म्हणतात. हे जरा जास्तच निराशेचं आहे. ‘गो ऑफ’पुरता तरी माग काढता येतो.

बंदूक आधी, घड्याळ मागून

बंदुकीच्या संदर्भातलं ‘गो ऑफ’ सोळाव्या शतकापासून सापडतं. दाबून, अडवून धरलेली शक्ती खटक्यासरशी मोकळी होते असं ते चित्र आहे. मराठीत आपण ‘बार उडाला’ म्हणतो, तसंच.

गजर त्याच घरातला. ‘अलार्म’ हा शब्द मुळात इटालियन आहे. ‘शस्त्रं घ्या!’ या आरोळीपासून तो आला, म्हणजे त्याचा जन्मही छावणीतलाच. यांत्रिक गजराच्या घड्याळात गजराची वेगळी स्प्रिंग असते. चावी दिल्यावर ती ताणलेली राहते आणि एक खिटी तिला अडवून धरते. ठरलेल्या वेळी खिटी बाजूला सरकते, स्प्रिंग सुटते आणि हातोडी घंटेवर आपटू लागते. म्हणून ‘अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे तो सुटला, म्हणजेच वाजला. आज गजर फोनमध्ये आहे, तिथे ना स्प्रिंग ना खिटी, तरी क्रियापद तेच राहिलं. धूर ओळखणारा भोंगा, गाडीची चोरघंटा आणि फटाका यांनाही हेच लागतं. एक खूण लक्षात ठेवा: जी वस्तू काहीतरी साठवून, दबा धरून बसलेली असते ती ‘गो ऑफ’ झाली की आवाज होतो.

‘गो ऑफ हाफ-कॉक्ड’ हा वाक्प्रचारही याच बंदुकीचा. गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकीत गारगोटी धरणारा घोडा दोन टप्प्यांत मागे ओढत. अर्ध्यावर तो अडकून राही, म्हणजे दारू भरताना धोका नसे. पूर्ण मागे ओढल्यावरच चाप काम करी. अर्ध्यावरची खाच झिजली असली की नेम धरायच्या आधीच बार उडे. त्यामुळे आज पूर्वतयारी न करता घाईने बोलणाऱ्या किंवा निर्णय घेणाऱ्या माणसाला हे म्हणतात. याचं भाषांतर ‘अर्धवट’ असं करू नका. मराठीत त्या शब्दाचा रोख माणसाच्या बुद्धीवर जातो, इथे दोष घाईचा आहे. ‘उतावळेपणा केला’ हे जवळचं.

रंगभूमीवर ‘गो ऑफ’ म्हणजे मंचावरून आत जाणे. १६२३ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये लढाई संपल्यावर वृद्ध सेनापती सिवर्ड म्हणतो, ‘सम मस्ट गो ऑफ’. काही जण तर जाणारच. इथे ‘जाणे’ म्हणजे मरणे. मराठीतही माणूस ‘गेला’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हा अर्थ आता बोलण्यात उरलेला नाही, मात्र ‘सोडून निघून जाणे’ हा साधा अर्थ जोरात चालतो: ‘शी वेन्ट ऑफ टु वर्क’.

पदार्थ, दर्जा किंवा चव घसरण्याचा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो. इथे सुटतं ते चांगल्या अवस्थेपासून. ‘अपभ्रंश’मधला ‘अप’ तो हाच.

पहिली कसोटी: ‘ऑफ’च्या पुढे काय आहे?

अर्ध्याहून अधिक वेळा उत्तर ‘ऑफ’च्या लगेच पुढच्या शब्दात असतं. कर्त्याकडे नंतर पाहिलं तरी चालतं.

पुढे काहीच नसेल, म्हणजे वाक्य तिथे संपत असेल किंवा फक्त वेळ-ठिकाण येत असेल, तर वाजणे, फुटणे, बंद पडणे, नासणे किंवा निघून जाणे यांपैकी एक. निवड कर्त्यावरून करायची. ती दुसरी कसोटी.

पुढे नाम असेल तर ‘ऑफ’ हे इंग्रजीतलं शब्दयोगी अव्यय झालं. आपल्याकडे ते नामाच्या मागे चिकटतं, तिकडे नामाच्या आधी येतं, इतकाच फरक. ‘द कार वेन्ट ऑफ द रोड’: गाडी रस्त्यावरून खाली उतरली. इथे अर्थ सरळ ‘वरून’ असा आहे. याच साच्यातून कितीतरी वाक्प्रचार निघाले. ‘गो ऑफ द रेल्स’ रुळांवरून घसरणाऱ्या आगगाडीवरून आला आणि भरकटलेल्या माणसाला लागू झाला. ‘गो ऑफ ऑन अ टँजन्ट’मध्ये मध्ये ‘ऑन’ आहे, पण चित्र तेच; तो भूमितीतून आला. वर्तुळावर फिरणारा बिंदू स्पर्शरेषेने निसटावा तसं विषय सोडून बोलणे. ‘गो ऑफ द डीप एन्ड’ पोहण्याच्या तलावातून आला. खोल बाजूने उडी टाकणे म्हणजे रागाने किंवा भावनेच्या भरात भान सोडणे. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना ‘ब्रिटन वेन्ट ऑफ द गोल्ड स्टँडर्ड’ भेटतं. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडलं, ते हे ‘सोडणं’. औषधाची गोळी बंद करण्यालाही ‘गो ऑफ’ चालतं, जरी ‘कम ऑफ’ जास्त ऐकू येतं.

पुढे नाम आहे पण ते नाम म्हणजे खाण्याची गोष्ट, माणूस किंवा कल्पना असेल, तर ‘मन उडणे’. ‘आय हॅव गॉन ऑफ द आयडिया’: ती कल्पना आता मला नकोशी वाटते. हा अर्थ मुख्यतः ब्रिटिश आहे. आधी आवड होती आणि आता नाही, असा बदल त्यात असावा लागतो. जे कधीच आवडलं नाही त्याला ‘गो ऑफ’ म्हणता येत नाही. वांगं जन्मात न आवडलेला माणूस ‘आय वेन्ट ऑफ ब्रिंजल’ म्हणाला तर ऐकणाऱ्याला वाटेल की काल-परवापर्यंत हा ते मिटक्या मारत खात होता.

पुढे ‘ऑन’ आणि माणूस असेल तर कडाडणे: ‘ही वेन्ट ऑफ ऑन मी’. झापण्याचा हा अर्थ १९४० च्या दशकातला आहे, ‘ऑन’ची जोड अलीकडे रुळली आणि ती अमेरिकी वळणाची आहे. ब्रिटनमध्ये त्याच्या शेजारचं ‘ही वेन्ट ऑफ ऑन वन’ ऐकू येतं. त्या ‘वन’चा अर्थ शोधत बसू नका. ‘त्याचा पट्टा सुरू झाला’ एवढंच घ्या. ऑस्ट्रेलियात ‘ऑन’च्या जागी ‘ॲट’ येतं.

पुढे ‘विथ’ असेल तर दोन शक्यता. विथ माणूस: कुणाबरोबर तरी निघून जाणे, बहुधा जोडीदाराला सोडून. विथ वस्तू: दुसऱ्याची वस्तू घेऊन जाणे. ‘समबडी हॅज गॉन ऑफ विथ माय अम्ब्रेला’ यात चोरीचा थेट आरोप नाही, चुकूनही नेली असेल. म्हणून तक्रार सौम्य ठेवायची असेल तेव्हा हे कामाला येतं.

पुढे ‘टु स्लीप’ असेल तर झोप लागणे. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण ‘बार उडाला, मन उडालं’ या ओळीत त्याला ‘झोप उडाली’ही आठवते. इथे अर्थ नेमका उलटा आहे. जागेपणापासून सुटायचं आहे, झोपेपासून नव्हे.

पुढे ‘वेल’, ‘स्मूदली’, ‘विदाउट अ हिच’ असं काही असेल तर पार पडणे. हे क्रियाविशेषण गाळायचं नाही. ‘द सेरेमनी वेन्ट ऑफ’ एवढंच लिहिलं तर वाचणारा ‘कसा?’ म्हणून थांबतो, किंवा क्षणभर स्फोट झाला की काय असं त्याला वाटतं.

दुसरी कसोटी: कर्ता कोणत्या जातीचा?

बॉम्ब, बंदूक, फटाका, गजर, भोंगा: दबा धरणारी जात. अर्थ सुरू होणे.

दिवे, हीटर, पंखा, वीज: प्रवाहावर चालणारी जात. प्रवाहापासून सुटले की बंद. दिव्यांसाठी ‘वेन्ट आउट’ही चालतं, आणि मेणबत्ती, काडी, शेकोटी अशा ज्योतीच्या वस्तूंना तर ‘आउट’च लागतं. ‘द कँडल वेन्ट ऑफ’ चुकीचं आहे. मेणबत्तीला बटण नसतं, हे आठवलं की पुरे.

दूध, मांस, मासे, मलई: नासणारी जात. इथे जरा थांबायला हवं, कारण प्रत्येक बिघाडाला हे क्रियापद लागत नाही. पाव शिळा झाला तर ‘स्टेल’, लोणी किंवा तेल खवट झालं तर ‘रॅन्सिड’, बुरशी धरली तर ‘मोल्डी’. ‘गॉन ऑफ’ मुख्यतः जिवाणूंमुळे वास मारणाऱ्या, आंबणाऱ्या पदार्थांना शोभतं. शिवाय हे ब्रिटिश आहे. अमेरिकी माणूस ‘गॉन बॅड’ किंवा ‘स्पॉइल्ड’ म्हणेल. कुठल्या इंग्रजीत लिहीत आहोत हे एकदा ठरवून घ्यावं.

प्लास्टर, काँक्रीट, रेझिन: ही जात शब्दकोशात बऱ्याचदा सुटून जाते, पण ब्रिटिश गवंडी आणि नावा बांधणारे कारागीर रोज वापरतात. ‘द प्लास्टर हॅज गॉन ऑफ’ म्हणजे प्लास्टर आवळलं, घट्ट झालं. बिघडलं असा अर्थ नाही. भिंतीवर आवळलं तर काम फत्ते. बादलीत आवळलं तर माल फुकट. बादली धुतलेली नसेल तर नवा माल लवकर ‘गोज ऑफ’ होतो, कारण जिप्सम प्लास्टरचे जुने घट्ट कण नव्या स्फटिकांना बी पुरवतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर जास्त पडला किंवा हवा गरम असली तर तोही हातात असतानाच ‘गोज ऑफ’. भाषांतरकाराने इथे ‘प्लास्टर खराब झालं’ असं लिहिलं की सगळी सूचना उलटी होते. कर्ता घट्ट होणारा माल असेल तर ‘आवळणे’ किंवा ‘सेट होणे’ घ्या.

दुखणं: ‘द पेन हॅज गॉन ऑफ’, दुखायचं थांबलं. ‘वेअर ऑफ’ जास्त रुळलेलं आहे.

जागा किंवा मैफल: ऑस्ट्रेलियाच्या बोलीत ‘द प्लेस वॉज गोइंग ऑफ’ म्हणजे तिथे नुसता धुमाकूळ चालला होता, चांगल्या अर्थाने. समाजमाध्यमांवर कौतुकाने म्हणतात तो ‘गो ऑफ!’ कृष्णवर्णीय अमेरिकी बोलीतून पसरला. अर्थ ‘वा, येऊ दे!’ त्याला ‘आय गेस’ जोडलं की कौतुक संपतं आणि टोमणा सुरू होतो: ‘बरं बाबा, चालू दे तुझं.’

तिसरी कसोटी: कुणी केलं?

ही सर्वांत खात्रीची. ‘गो ऑफ’ अकर्मक आहे, ते आपोआप घडतं. मग तेच कुणी मुद्दाम घडवलं तर इंग्रजी कोणतं क्रियापद वापरेल, हे विचारायचं. मराठीत ‘सुटणे’चं ‘सोडणे’ होतं, ‘उडणे’चं ‘उडवणे’ होतं, तसंच. गंमत ही की इंग्रजीत ‘ऑफ’ तसाच राहतो आणि त्याच्या आधीचं क्रियापद अर्थागणिक बदलतं. त्यामुळे एरवी एकमेकांत मिसळलेले अर्थ इथे स्वच्छ वेगळे होतात.

बॉम्ब किंवा भोंगा वाजवला: ‘सेट ऑफ’. फटाके उडवले: ‘सेट ऑफ’ किंवा ब्रिटिश ‘लेट ऑफ’. दिवा बंद केला: ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. एखाद्या गोष्टीवरून मन उडवलं: ‘पुट ऑफ’, जसं ‘द स्मेल पुट मी ऑफ फिश’, वासाने माझं माशांवरून मन उडालं. माणसाला रवाना केलं: ‘सेन्ड ऑफ’. अवघड कार्यक्रम तडीस नेला: ‘पुल ऑफ’ किंवा ‘ब्रिंग ऑफ’. बाळाला झोपवलं: ‘गेट ऑफ टु स्लीप’. दूध नासवलं याला मात्र ‘ऑफ’वालं जोडीदार क्रियापदच नाही. तिथे ‘मेक’ लावून ‘द हीट मेड द मिल्क गो ऑफ’ असं म्हणावं लागतं.

आता ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ घ्या. कुणी केलं तर? ‘समवन सेट इट ऑफ’. म्हणजे वाजला. ‘समवन टर्न्ड इट ऑफ’ असं म्हणायचं असेल तर मूळ वाक्यच ‘द अलार्म स्टॉप्ड’ असतं. शंका फिटली.

याच कसोटीतून नेहमीच्या दोन चुका कळतात. ‘आय वेन्ट ऑफ द लाइट’ चूक, कारण करणारा माणूस आहे. ‘आय टर्न्ड ऑफ द लाइट’ हवं. आणि ‘द बॉम्ब वॉज गॉन ऑफ’ चूक, कारण अकर्मकाचा असा कर्मणी होत नाही. ‘द बॉम्ब वेन्ट ऑफ’ किंवा ‘द बॉम्ब वॉज सेट ऑफ’. दुसरी चूक मराठीतून येते. ‘बॉम्ब फुटला होता’मधल्या ‘होता’ची जागा आपण नकळत ‘वॉज’ने भरतो. तिथे ‘हॅड’ लागतो.

सर्वनाम घालतानाही घोटाळा होतो. ‘टर्न इट ऑफ’, ‘सेट इट ऑफ’ यांत सर्वनाम मध्ये बसतं. ‘गो ऑफ’मध्ये ते कधीच मध्ये येत नाही: ‘आय हॅव गॉन ऑफ इट’.

‘वेन्ट ऑफ’ म्हणजे ‘इज ऑफ’ नव्हे

चांगलं इंग्रजी येणारेही इथे घसरतात. वाटतं की ‘वेन्ट ऑफ’ झालं की नंतरची स्थिती ‘इज ऑफ’ असणार. काही ठिकाणी ते खरं आहे. दिवे ‘वेन्ट ऑफ’, आता ‘आर ऑफ’. दूध ‘वेन्ट ऑफ’, आता ‘इज ऑफ’. पण गजर ‘इज ऑफ’ म्हणजे तो लावलेलाच नाही किंवा बंद आहे. वाजतोय म्हणायचं तर ‘इज गोइंग ऑफ’. लग्न ‘वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे छान पार पडलं, आणि लग्न ‘इज ऑफ’ म्हणजे मोडलं. या दोन वाक्यांची अदलाबदल निरोपात झाली तर काय गोंधळ उडेल, कल्पना करा. सामना ‘इज ऑफ’ म्हणजे रद्द. ब्रिटिश हॉटेलात वाढपी ‘द फिश इज ऑफ’ म्हणाला तर मासे बहुधा नासलेले नसतात, संपलेले असतात. घरच्या फ्रिजसमोर कुणी तेच वाक्य म्हटलं तर मात्र वास घेऊन पाहा.

उच्चाराचं थोडं. ‘वेन्ट ऑफ’ सुटं सुटं म्हणू नका, ‘वेन्टॉफ’ असं जोडून येतं. तसंच ‘गॉनॉफ’. ‘गो ऑफ’मध्ये दोन स्वरांच्या मध्ये हलका ‘व’ शिरतो, ‘गोवॉफ’. ‘ऑफ’ पुढे नाम घेऊन आला तर जोर सहसा त्या नामावर जातो, ‘वेन्ट ऑफ द रोड’मध्ये ‘रोड’वर. अचानक घडलेली बातमी सांगताना जोर कर्त्यावर पडतो, ‘द अलार्म वेन्ट ऑफ’मध्ये ‘अलार्म’वर.

सराव करायचा तर एकच ओबडधोबड वाक्य घ्या: ‘आय वॉज जस्ट गोइंग ऑफ टु स्लीप व्हेन द अलार्म वेन्ट ऑफ, द लाइट्स हॅड गॉन ऑफ, सो द मिल्क हॅड गॉन ऑफ, अँड आय वेन्ट ऑफ ऑन माय ब्रदर.’ पहिल्याला पुढचा ‘टु स्लीप’ सोडवतो: डोळा लागत होता. दुसऱ्याला ‘सेट ऑफ’ची कसोटी लावा: भोंगा वाजला. तिसऱ्याचा कर्ता प्रवाहावरचा: दिवे गेले होते. चौथ्याचा नासणारा: फ्रिज बंद, म्हणून दूध नासलं. पाचव्यात ‘ऑन’ आणि माणूस: भावावर कडाडलो. आता कान लावून पुन्हा वाचा. हे वाक्य व्याकरणात बरोबर असलं तरी एका तोंडचं वाटत नाही. दुधाला ‘गॉन ऑफ’ म्हणणारा ब्रिटिश बहुधा शेवटी ‘वेन्ट ऑफ ऑन वन’ म्हणाला असता, आणि भावावर ‘वेन्ट ऑफ ऑन’ झालेल्या अमेरिकी माणसाचं दूध ‘गॉन बॅड’ झालं असतं.